रामबुतानच्या झाडाखालचा निळा भात

मलेशियाच्या केलांतान राज्यात नासी केराबू, म्हणजे कच्च्या पाल्याबरोबरचा निळा भात, खायचा तर सकाळी ९ च्या आत पोचायचं, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही पहिल्या दिवशी एका टपरीवर साडेनऊला पोचलो तेव्हा पातेल्यात पाच-सहा ताटांपुरता भात उरला होता. आमच्या मागून दोन स्कूटरवाले आले, त्यांना टपरीवाल्या मकचिकने हात हलवूनच परत पाठवलं. हा तिकडचा नाश्ता आहे. लोक सकाळी सातला बांगड्यासकट भात खातात आणि कामाला लागतात. अकराला गेलात तर टेबलं पुसून उलटी ठेवलेली दिसतील.

(मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. आपल्या आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मकचिक म्हणायचं. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही.)

टपरीला नाव नाही. पिवळ्या पत्र्यावर लाल रंगाने 'नासी केराबू' एवढंच लिहिलेलं आहे, आणि अशा पाट्या त्या रस्त्यावर दर अर्ध्या किलोमीटरला आहेत. त्यामुळे खूण सांगते. कोटा भारू शहरातून केलांतान नदीवरचा पूल ओलांडायचा, वकाफ भारू स्टेशनच्या बाजूने तुंपातकडे निघायचं. दुकानं संपून भातखाचरं लागली की गाडी हळू करायची. डाव्या हाताला रामबुतानचं एक जुनं, रुंद झाड आहे, त्याच्या फांदीला सायकलचं टायर टांगलेलं आहे. त्याखालची पत्र्याची शेड म्हणजेच ती टपरी. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मागच्या बाजूला मकचिकचं स्वतःचं लाकडी घर, खांबांवर उभं. ही मलय खेड्यातली जुनी रीत आहे. नोव्हेंबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू होतो, नदी फुगते, तेव्हा त्या खांबांचं मोल कळतं.

मी मूळची कुडाळची. गेली अकरा वर्षं क्वालालंपूरला लागून असलेल्या पेतालिंग जयामध्ये राहते. शिमगा आटोपून एप्रिलमध्ये बाबा आले होते. वय ७४, एसटीतून निवृत्त. त्यांना उंच इमारती बघण्यात काडीचा रस नव्हता. "तुमच्याकडचो समुद्र आणि भात दाखय," एवढीच त्यांची मागणी. म्हणून विमानाने तासाभरात कोटा भारू गाठलं आणि तिथून भाड्याची गाडी घेतली.

या भाताबद्दल मला आधी काय वाटत होतं ते सांगितलं पाहिजे, कारण माझ्यासारखे बरेच मराठी लोक इथे असतील. माझी पहिली नासी केराबूची ओळख शहरातल्या एका मॉलच्या फूड कोर्टात झाली. शाईसारखा निळा भात, वर तळलेल्या कोंबडीची मोठी तंगडी, कडेला काकडीच्या चार चकत्या आणि मूठभर मोड आलेले मूग. खाऊन झाल्यावर बोटं निळी, जीभ निळी. भाताला स्वतःची चव म्हणून नव्हती. फोटो सुंदर आला, आणि मी मनात ठरवून टाकलं की हा रंगाचा खेळ आहे, यात जेवण काही नाही. पुढची पाच-सहा वर्षं मी त्याच्या वाटेला गेले नाही. नासी लमाकवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भातावर, माझं छान चाललं होतं.

मग ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बाचोकची एक मुलगी आली. बाचोक हे केलांतानच्याच किनाऱ्यावरचं गाव. मी तिला नासी केराबू आवडत नाही म्हटलं तर तिने कॉम्प्युटरवरून मान वळवून मला एकच प्रश्न विचारला, "त्यात पाला किती होता?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिने समजावलं की नासी म्हणजे भात आणि केराबू म्हणजे कच्च्या पानांची, भाज्यांची, फुलांची मिसळ. आपली कोशिंबीर म्हणा, पण त्याहून रानटी. निळा रंग हे नुसतं कापड आहे, असं ती म्हणाली. पांढऱ्या भाताचा, पिवळ्या भाताचाही केराबू असतो. पाला नसेल तर तो केराबूच नव्हे. या टपरीचा पत्ताही तिनेच दिला.

तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे आणि तुम्हालाही तीच सांगते. ताट समोर आलं की भाताकडे बघू नका, पाला किती प्रकारचा आहे आणि किती बारीक चिरलाय ते बघा.

पहिल्या दिवशी उशीर झाल्याने आम्ही घाईत खाल्लं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पावणेसातला गेलो आणि मी सरळ चिरायच्या ओट्याजवळची खुर्ची पकडली. तिथे जे बघितलं त्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

मकचिक आणि तिची सून अशा दोघी चिरत होत्या. समोर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांच्या जुड्या. एकेक जुडी सोडायची, दहा-बारा पानं एकावर एक रचायची आणि अळूवडीचा उंडा करतात तशी घट्ट गुंडाळी करायची. मग डाव्या हाताच्या बोटांची पेरं वळवून गुंडाळी दाबून धरायची आणि रुंद पात्याची सुरी त्या पेरांना घासत खाली-वर, खाली-वर. सुरी उचललेली दिसतच नव्हती, नुसता आवाज. गुंडाळीतून बाहेर पडत होते ते तुकडे नव्हते, धागे होते. मकचिकने एक चिमूट उचलून हवेत सोडली तर ती पसरत खाली आली. लाकडी पाट मधोमध झिजून त्याला खळगा पडलेला होता, आणि त्या खळग्यात हिरवा रस साचला की सून तो फडक्याने टिपून घ्यायची. कारण विचारलं तर म्हणाली, ओला पाला भाताला चिकटतो, भात गोळा होतो.

पानं कुठली? बरीचशी मला ओळखू आली आणि त्यातच मजा होती. हळदीचं पान होतं. ते चिरलं जाताच बाबांनी मान वर केली. पातोळ्या उकडताना घरभर जो वास सुटतो तो त्या शेडमध्ये पसरला, फक्त कच्चा, जास्त तिखट. गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, नखाएवढ्या पातळ चकत्या करून. मकरूट लिंबाचं जाड चकचकीत पान, मधली शीर काढून. विड्याच्या पानाच्या भावकीतलं काडोक नावाचं पान, चवीला सौम्य. कसूम नावाचं एक लांबट पान, कोथिंबिरीच्या वासाचं पण जिभेला चुरचुरणारं. चवळीच्या कोवळ्या शेंगा, चौधारी घेवडा, कोबी, काकडी, मोड आलेले मूग. आणि काजूची लालसर कोवळी पालवी! कुडाळला आमच्या दारात काजूची झाडं आहेत. आम्ही बोंडू खाल्ले, ओले काजूगर खाल्ले, पालवीला कधी तोंड लावलं नाही. मलयमध्ये काजूला 'गाजूस' म्हणतात. पोर्तुगिजांनी झाड आणलं तेव्हा शब्दही दोन्हीकडे दिला. पालवी किंचित तुरट लागते, कच्च्या बोंडूची आठवण करून देणारी.

ओळखू न आलेली एकच गोष्ट म्हणजे बुंगा कांतान. बुंगा म्हणजे फूल. आल्याच्या कुळातल्या झाडाची ही गुलाबी कळी, मशालीच्या आकाराची. तिच्या पाकळ्या उभ्या चिरून घालतात. वास कशासारखा सांगू? लिंबाची साल, आलं आणि कुठल्या तरी अत्तराची कुपी एकदम उघडल्यासारखा. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं काही नाही. ज्या ताटात बुंगा कांतान नसतो ते ताट मी आता लगेच ओळखते, आणि शहरात बहुतेक ठिकाणी तो नसतो, कारण तो महाग पडतो आणि चिरल्यावर पटकन काळवंडतो.

आता भात. रंग येतो तो गोकर्णाच्या फुलांचा. मलयमध्ये बुंगा तेलांग. टपरीच्या कुंपणावरच वेल चढलेला होता, आपल्या परसातल्यासारखाच. बाबा आदल्या दिवशी तिथेच थबकले होते.

"गो, ह्यां तर आपलां गोकर्ण! हे ह्या भातात घालतत?"

आजी रोज सकाळी ती फुलं परडीत काढायची, महादेवाला वाहायला. त्यापलीकडे त्या फुलाचा काही उपयोग असेल असं आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. इथे फुलं वाळवून बरणीत भरून ठेवतात. रात्री गरम पाण्यात कुस्करून गाळायचं आणि त्या पाण्यात तांदूळ भिजत घालायचा. पहाटे उठून गवती चहाचा ठेचलेला दांडा आणि पांदानची सुवासिक पानं घालून वाफवायचा. फुलाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, म्हणून चव या पानांची. शिजलेला भात मोकळा, शीत न शीत वेगळं. रंगही मॉलमधल्यासारखा नव्हता. फिकट, करडसर निळा, एकसारखाही नाही. काही शितं गडद, काही जेमतेम निळी.

खरा रंग आहे की बाटलीतला, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ताटात लिंबाची फोड देतात, ती भाताच्या एका कोपऱ्यावर पिळा. फुलाच्या रंगाला आंबट लागलं की तो बदलतो. बाबांच्या ताटात मी पिळलं आणि थेंब पडला तिथे निळा भात बघता बघता जांभळा झाला, कडेला गुलाबी झाक. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून खाली वाकून बघितलं, मग माझ्या हातातली फोड घेऊन स्वतः दुसऱ्या कोपऱ्यावर पिळली. शेजारच्या टेबलावरचा शाळकरी मुलगा आपलं खाणं थांबवून आमच्याकडे बघत होता, त्याला यात काही नवल नव्हतं.

ताट असं लावतात. केळीच्या पानावर मध्ये भात. त्यावर पाल्याचा भलामोठा ढीग, भाताइतकाच. एका बाजूला माशाचा भुगा, एका बाजूला भाजलेल्या खोबऱ्याचं केरिसिक, मिरचीचा थोडा लाल सांबाल आणि माशाचा कुरकुरीत पापड. मागितलं तर खारवलेल्या बदकाच्या अंड्याची अर्धी फोड आणि भरलेली मिरची. वरून बुडू, म्हणजे मुरवलेल्या मासळीचा खारा रस. शेवटी तुम्ही मागाल तो तळलेला मासा किंवा कोंबडी.

माशाचा भुगा बांगड्याचा. इथे बांगड्याला कंबोंग म्हणतात आणि तो अगदी आपलाच बांगडा आहे. मासा उकडायचा, काटे काढायचे, कुस्करायचा आणि ओल्या खोबऱ्याबरोबर मंद आचेवर कोरडा होईतो परतायचा. सुक्या बांगड्याची किसमूर आम्ही करतो, तिची ही सख्खी बहीण. फक्त कांदा नाही, आंबट नाही, आणि किंचित गोड. बाबांनी पहिला घास या भुग्याचाच घेतला, वेगळा, भाताशिवाय. मग काही न बोलता दुसरा घेतला.

केरिसिकबद्दल मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण वाटप करणाऱ्या घरातून मी आले आहे. ओलं खोबरं खवून, कोरड्या कढईत तांबूस-तपकिरी होईतो भाजतात. इथवर आपल्यासारखंच. पण मग पाणी न घालता, गरम असतानाच दगडी खलात कुटायचं, खोबऱ्याला तेल सुटून त्याचा चिखल होईपर्यंत. आपण पाट्यावर पाणी शिंपडत वाटतो, त्यामुळे आपलं वाटप रश्श्यात विरघळतं. केरिसिक विरघळत नाही, भाताच्या शिताला चिकटून राहतं आणि प्रत्येक घासात भाजलेल्या खोबऱ्याचा वास शेवटी येतो. मकचिकची सून चिरणं झाल्यावर कुटायला बसली. तिच्या मनगटाची लय आणि माझ्या आईच्या मनगटाची लय सारखी होती. मी घरी आल्यावर दोनदा करून बघितलं. मिक्सरमध्ये ते जमत नाही, भुगा होतो, तेल सुटत नाही. खल हवा.

बुडू हा कळीचा मुद्दा, आणि इथे लोक अडतात. मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी मिठात घालून कित्येक महिने मुरवतात आणि त्याचा तपकिरी, दाट रस काढतात. केलांतानमध्ये बुडूशिवाय पान हलत नाही. सीमेपलीकडे दक्षिण थायलंडमध्येही बुडू आहे आणि तिकडेही असाच पाल्याचा भात खातात. वास उग्र आहे, हे कबूल. नुसता बोटावर घेऊन चाटलात तर तोंड वाकडं कराल. पण केराबूत मीठ वेगळं घालत नाहीत, सगळं मीठ बुडूचं. थोडंसं घालून कालवलं की वास जातो आणि मागे उरते ती खारी, खोल चव, जी त्या सगळ्या कच्च्या पाल्याला एकत्र बांधते. मी पहिल्या दिवशी भीत भीत चार थेंब घातले तर ताट अळणी लागलं. मकचिक लांबून बघत होती. आली, पळी उचलली आणि माझ्या भातावर आडवी फिरवली.

"गाउल, गाउल," म्हणाली. कालव, कालव.

आणि तेच खरं आहे. हे ताट वेगवेगळं खायचं नाही. आपल्याला वरण-भात एका बाजूला, भाजी एका बाजूला अशी सवय असते, आणि दिसायला ते ताट इतकं नीटनेटकं असतं की मोडवत नाही. मोडा. पाची बोटांनी, तळापासून, पाला आणि भात आणि भुगा आणि केरिसिक एक होईपर्यंत कालवा. चमचा मागू नका. दर टेबलावर हात धुवायला पाण्याची किटली आणि खाली ताटली ठेवलेली असते. मग प्रत्येक घास वेगळा येतो. एकात बुंगा कांतान पुढे येतो, एकात हळदीचं पान, एकात मध्येच गवती चहाची चकती दाताखाली येते, एकात पापडाचा चुरा. अर्धं ताट झाल्यावर लक्षात येतं की आपण इतका कच्चा पाला खाल्ला आणि पोट हलकं आहे.

भरलेल्या मिरचीला सोलोक लादा म्हणतात. जाड, पोपटी, बिनतिखट मिरची, आत मासा आणि खोबऱ्याचं सारण, नारळाच्या दुधात वाफवलेली. मऊ, गोडसर, आणि माझ्या मते ताटातली सगळ्यात प्रेमाने केलेली गोष्ट. ती वेगळे पैसे देऊन मागावी लागते. मागा. बाबांनी दुसऱ्या दिवशी तीन खाल्ल्या.

तळलेल्या माशाविषयी मात्र तक्रार आहे. पहिल्या दिवशी तो पिठात बुडवून आमच्यासमोर तळलेला, कडक, आतून रसाळ. दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर गेलो तर पहाटे तळून जाळीवर ठेवलेला मिळाला, गार आणि कवच नरम. परत तळून द्याल का विचारलं तर चूल रिकामी नव्हती. आपल्याकडे मासे खाणाऱ्या माणसाला गार तळलेला मासा चालत नाही, मलाही चालला नाही. साडेसातनंतर दुसरा घाणा निघतो तेव्हा जा, असं माझं मत. सांबालही माझ्या चवीला जास्त गोड आहे. अख्ख्या केलांतानचं जेवण गोडाकडे झुकतं, त्यात या टपरीचा दोष नाही, पण मालवणी तिखट खाणाऱ्याने तयारीत असावं. आणि चहा! न सांगता घेतलात तर पाक पिताय असं वाटेल. "कुरांग मानिस" म्हणायचं, म्हणजे कमी गोड. तरीही गोडच येतो, पण पिता येतो.

बसायची सोय साधी आहे. पंखे दोन, त्यातला एक चालू. मुतारी मागच्या घराच्या अंगणात आहे, स्वच्छ आहे, पण पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी हॉटेलवरूनच जाऊन यावं. बाबांना त्रास झाला म्हणून लिहिते.

पैसे (रिंगिट हे मलेशियाचं चलन): आम्ही गेलो तेव्हा मासा घेतला तर ताट ७ रिंगिट, दोघांचे १४. भरलेल्या मिरच्या दोन, ४ रिंगिट. खारवलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडी दोन, ३ रिंगिट. दोन चहा ४. पहिल्या दिवसाचं आमचं बिल २५ रिंगिट झालं. त्या मॉलमध्ये एका ताटाला जवळपास तेवढेच घेतले होते. नोटाच न्या, सुटे न्या.

शाकाहारी मंडळींना मात्र मी जा म्हणणार नाही. बुडू मासळीचा, भुगा मासळीचा, मिरचीतलं सारण मासळीचं, पापडसुद्धा मासळीचा. हे सगळं काढलं तर उरतो निळा भात आणि अळणी पाला. माझ्या नणंदेला मी तसा खाऊ घालून बघितला होता, तिने सौजन्याने संपवला, पण ते जेवण नव्हतं. आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी दोन शब्द लक्षात ठेवा. 'इकान' म्हणजे मासा, 'आयाम' म्हणजे कोंबडी. 'दागिंग' म्हणाल तर भाजलेलं गोमांस येईल, आणि केराबूबरोबर तिकडे ते आवडीने खातात. मागताना स्पष्ट सांगा. मकचिकचं मलय हे केलांतानचं मलय आहे. क्वालालंपूरला अकरा वर्षं राहूनही मला अर्धं कळलं नाही. तिने "नोक माके गापो?" असं काहीतरी विचारलं तेव्हा मी नुसती बघत राहिले, सुनेने हळूच सांगितलं की काय खाणार असं विचारतेय. माके म्हणजे खाणं, गापो म्हणजे काय. बाबांना मालवणी आणि मराठी सोडून तिसरी भाषा धड येत नाही, पण ते आणि मकचिक दुसऱ्या दिवशी अर्धा तास बोलत होते. ती आपलं बोलायची, ते आपलं. मध्ये गोकर्णाच्या वाळलेल्या फुलांची बरणी होती.

शुक्रवारी टपरी बंद. केलांतानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी कचेऱ्या, शाळा सगळं चालू. शनिवारी टपरी उघडी असते पण बाहेरगावचे लोक येतात, गर्दी फार. रमझानमध्ये सकाळचं दुकान महिनाभर लागत नाही. आम्ही रविवार-सोमवार गेलो ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी बाबांनी तिथूनच आईला फोन लावला. तिकडे कुडाळला सकाळचे पाच वाजले होते. ती दचकली, काय झालं म्हणून.

"काय जावक नाय. परड्यातल्या गोकर्णाची फुलां टाकू नको, सुकवून बरणीत भरून ठेव. मी इलंय की सांगतंय."

पार्सलविषयी शेवटचं. मी क्वालालंपूरला नेण्यासाठी दोन पुड्या बांधून घेतल्या. तपकिरी कागद, आत केळीचं पान, बुडू वेगळ्या छोट्या पिशवीत रबरबँड लावून. विमानतळावर ती पिशवी मी डब्यात घालून वर फडकं गुंडाळलं, वास बाहेर येऊ नये म्हणून, आणि डबा सामानात टाकला. दुपारी एकला घरी पुडी उघडली. भात मोकळाच होता, केरिसिक सकाळसारखंच. पण पाला मावळला होता, बुंगा कांतानच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि हळदीच्या पानाचा वास गेला होता. नवऱ्याने आवडीने खाल्लं, छान आहे म्हणाला. त्याला मी सांगितलं की तू अजून केराबू खाल्लेला नाहीस. पुढच्या सुट्टीत त्याला घेऊन जाणार आहे, तुंपातच्या त्या झाडाखाली, साडेसातच्या सुमाराला.